आभाराचे कार्ड, शब्द मात्र शुभेच्छांचे

शिक्षक दिनाला मुलांनी हाताने केलेली भेटकार्डे एकापुढे एक मांडून वाचली, तर आभार मानलेले फार थोड्यांवर सापडतात. बहुतेकांवर ‘शिक्षक दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढेच. त्यात मुलांची चूक नाही. आपल्याकडे आभार मानायचे ते सभेच्या शेवटी, चहाच्या आधी. थोरामोठ्यांच्या पाया पडायचे. मग सातारा-सांगलीच्या शाळांत हे कार्ड आले कुठून?

पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत आणि पंतोजींचा मोबदला अनेकदा धान्याच्या रूपात मिळे. पुढे दगडी पाटी आली. दसऱ्याला पाटीपूजन व्हायचे: एकचे आकडे जोडून काढलेली सरस्वती, तिच्यावर झेंडूचे फूल, आणि नंतर गुरुजींच्या हातात आपट्याचे पान. ती सरस्वती मूल स्वतःच्या हाताने काढी, पण ती गुरुजींना द्यायची नसे. शाळा पुन्हा सुरू झाली की ओल्या फडक्याने पुसली जाई. गुरुजींकडे राहील असे त्यात काहीच नव्हते.

साताऱ्याने गुरूचे ऋण वेगळ्याच तऱ्हेने पाहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि आपली कामे आपणच करत. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. या मुलांनी भाऊरावांना ‘अण्णा’ म्हटले. घरातल्या माणसाला कुणी ‘आभारी आहे’ म्हणत नाही.

कार्ड आले ते स्वातंत्र्यानंतर, वेगवेगळ्या वाटांनी. मे 1962 मध्ये डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन राष्ट्रपती झाले आणि त्याच वर्षापासून त्यांचा जन्मदिवस, 5 सप्टेंबर, शिक्षक दिन ठरला. तारीख मिळाली. कोठारी आयोगाने (1964-66) ‘कार्यानुभव’ शाळेत आणावा अशी शिफारस केली आणि वेळापत्रकात कात्री-डिंकाचा तास आला. भाऊरावांसारखे ‘कमवा आणि शिका’ म्हणणाऱ्या जिल्ह्याला हाताचे काम नवे नव्हते, पण इथे गवत कापण्याऐवजी घोटीव कागद कापायचा होता.

नमुना मात्र दिवाळीचा. न चिकटवलेल्या पाकिटावर ‘बुक पोस्ट’ लिहून मुंबईच्या काकांना धाडायचे ते शुभेच्छापत्र मुलांच्या चांगलेच ओळखीचे होते. पुढे पणती, आत ‘हार्दिक शुभेच्छा’, खाली नाव. पणतीच्या जागी गुलाब आला, ‘दीपावलीच्या’ ऐवजी ‘शिक्षक दिनाच्या’ आले, बाकी मजकूर तसाच राहिला. कार्डशीट महाग वाटले तर जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू. मला ती कार्डे जास्त आवडतात. आत हात घातला की कुणाच्या तरी ‘चि. सौ. कां.’चा अर्धा सोनेरी शब्द निघतो.

‘गुरुजी’चे ‘सर’ झाले, ‘बाई’च्या ‘मॅडम’ झाल्या, हेही या कार्डांवरच दिसते. एक गोष्ट मात्र खटकते. सावित्रीबाई फुले यांचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा, म्हणजे याच जिल्ह्यातला. त्या दिवशी मुली नऊवारी नेसून, ठसठशीत कुंकू लावून सावित्रीबाई होतात, भाषणे करतात. वर्गातल्या बाईंना त्या दिवशी कार्ड द्यावे, हे फारसे कुणाला सुचत नाही.

2020 च्या 5 सप्टेंबरला शाळा बंद होत्या. मुलांनी कार्डे घरीच केली, आईच्या फोनवर फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. बाईंनी प्रत्येकाला हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. कागद घरीच, दप्तरात राहिला.