कस्टमची ड्युटी आणि कुरियरचा चार्ज: भांडण एकाशी, राग दुसऱ्यावर

"कस्टमवाल्यांनी लुटलं राव!" सात रस्त्याच्या चहाच्या गाड्यावर हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता बोलणाऱ्याला पुढं विचारायच्या आधी कागद मागतो. कागद कुणाकडंच नसतो. मोबाईलवर एक मेसेज असतो, त्यात एकच आकडा असतो, आणि तो आकडा भरून वर सरकारला शिव्या घालून झालेल्या असतात. परवा एका मित्रानं तर सोलापुरातल्या जीएसटी ऑफिसात जाऊन अर्ज द्यायची तयारी केली होती. त्याचं पार्सल मुंबईच्या विमानतळावर सुटलं होतं, आणि ज्या रकमेवरून तो भडकला होता तिच्यातला निम्मा भाग सरकारपर्यंत पोचलेलाही नव्हता.

परदेशातून काही मागवलं की दारात जे बिल येतं त्यात दोन वेगळ्या माणसांचे पैसे एकत्र असतात. एक कस्टमची ड्युटी. ती सरकारची, कुरियर फक्त आपल्या वतीनं भरतो. दुसरा कुरियरचा स्वतःचा चार्ज. ड्युटी आगाऊ भरल्याचा, कागद केल्याचा, माल हाताळल्याचा, जे नाव देतील ते. तक्रार कुठं करायची, किती दिवसांत करायची आणि जिंकायची शक्यता किती, हे सगळं या दोघांत वेगळं आहे. लोक ड्युटीबद्दल कुरियरच्या कॉल सेंटरशी भांडतात आणि कुरियरच्या चार्जबद्दल कस्टमला मेल करतात. दोन्हीकडून एकच उत्तर येतं: हे आमच्याकडं येत नाही. आणि दोन्ही वेळा ते उत्तर खरं असतं.

ड्युटी कशी लागते हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. मालाच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून जी रक्कम होते तिच्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. विनिमय दर कस्टमनं जाहीर केलेला लागतो, तुमच्या बँकेचा नव्हे. 'गिफ्ट' लिहून घ्या म्हणजे सुटेल, हा सल्ला देणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली. आता जीवरक्षक औषधं आणि राखी एवढंच उरलंय, राखीसोबतची भेटवस्तूसुद्धा त्यात बसत नाही. आणि विक्रेत्याला किंमत कमी दाखवायला सांगू नका. पुढं तुम्हालाच तक्रार करायची वेळ आली तर तोच कागद तुमच्या विरोधात उभा राहतो.

आता खरी गोम. ती आहे 'आयजीएसटी' या एका शब्दात.

माझाच किस्सा सांगतो. मी गावातल्या गारमेंटवाल्यांची, टॉवेल कारखान्यांची हिशेबाची कामं करतो, जीएसटी रोज हाताखालून जातो, तरी मीही फसलो. दुर्बिणीचा एक आयपीस मागवला होता. किंमत ८,००० रुपये, विक्रेत्यानं पाठवणावळ लावली २,५०० रुपये. कुरियरचं बिल आलं ५,२२९ रुपयांचं. त्यात ओळी अशा: ड्युटी ३,२८१. ॲडव्हान्समेंट चार्ज ७५०. हँडलिंग ४००. आणि शेवटी 'आयजीएसटी १८%' म्हणून ७९७ रुपये ५८ पैसे. मी काय केलं? मान डोलावली. आयात आहे म्हणजे आयजीएसटी लागणारच, असं मनाशी म्हणालो आणि पैसे भरून मोकळा झालो.

रात्री जेवताना डोक्यात प्रकाश पडला. आयातीवरचा आयजीएसटी तर त्या ३,२८१ च्या पोटात आधीच आहे! मग शेवटच्या ओळीतला हा कुठला?

तो कुरियरच्या सेवेवरचा जीएसटी. कुरियरचं बिल करणारं ऑफिस महाराष्ट्रातलं असेल तर तो ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा) असा फोडून दिसतो, आणि मग कुणी फसत नाही. पण बिल दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसातून निघालं की तोच कर आयजीएसटी म्हणून छापला जातो. माझं बिल हरियाणातून निघालं होतं. म्हणजे एकाच पार्सलवर एकाच नावाचे दोन कर. एक कस्टमनं मालावर लावलेला, दुसरा कुरियरनं स्वतःच्या मजुरीवर लावलेला. पहिला तुम्हाला बिलात दिसतच नाही, तो ड्युटीच्या आकड्यात विरघळलेला असतो. दुसरा ठळक दिसतो. त्यामुळं लोक दुसऱ्यालाच कस्टमचा समजतात आणि गप्प बसतात, कारण सरकारशी कोण भांडणार?

पुढचं गणित बघा. सेवेवरचा जीएसटी सेवेवर लागायला हवा. माझ्या बिलात सेवा किती रुपयांची? ७५० अधिक ४००, म्हणजे १,१५०. त्याचे १८ टक्के होतात २०७ रुपये. त्यांनी लावले ७९७.५८. हा आकडा येतो कुठून? ३,२८१ अधिक १,१५० म्हणजे ४,४३१, त्याचे १८ टक्के. सरळ आहे, त्यांनी ड्युटीवरही जीएसटी लावला होता. कुरियरनं तुमच्या वतीनं भरलेली आणि तेवढीच वसूल केलेली ड्युटी ही त्याची कमाई नसते. सीजीएसटी नियमांतला ३३ वा नियम अशा रकमेला सेवेच्या किमतीतून वगळतो. ५९० रुपये ५८ पैसे निव्वळ जास्तीचे. कराच्या पोटातल्या करावर परत कर, आणि आपण सही करून मोकळे.

म्हणून माझा हट्ट असा आहे: कुरियरच्या बिलाशेजारी कस्टमचं बिल ऑफ एंट्री (आयात मालाची किंमत आणि ड्युटी दाखवणारा कस्टमकडं भरलेला कागद) ठेवल्याशिवाय एक शब्द बोलू नका. कुरियरकडून आलेल्या मालाचं बिल ऑफ एंट्री ईसीसीएस या वेगळ्या यंत्रणेत भरलं जातं. ते तुमच्या नावानं भरलेलं असतं, केवायसीला पॅन किंवा आधार दिलंत ते त्याचसाठी. एअरवे बिल नंबर (पार्सलचा ट्रॅकिंग नंबर) टाकून कुरियरला मेल करा आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. फोनवर मागू नका, फोनवर फक्त "आपकी समस्या दर्ज हो गई है" मिळतं. प्रत हातात आली की एकच गोष्ट बघायची. तिथला ड्युटीचा एकूण आकडा आणि कुरियरच्या बिलातला ड्युटीचा आकडा जुळतो का. रुपयाला रुपया जुळला पाहिजे. तिथपर्यंतची रक्कम सरकारची. त्यावरचा प्रत्येक पैसा कुरियरचा, मग त्याचं नाव कितीही सरकारी वाटो.

कुरियरचा चार्ज मुळात बेकायदा आहे असं समजू नका. त्यानं विमानतळावर तुमच्यासाठी खिशातून पैसे भरले, त्याचं शुल्क तो घेणार. बहुतेक कंपन्या ठरावीक किमान रक्कम किंवा ड्युटीचे काही टक्के, यातलं जे जास्त ते लावतात. चार-पाचशेच्या ड्युटीवर सातशेचा चार्ज दिसला की जीव जळतो, पण तो त्यांच्या जाहीर दरपत्रकात असेल तर जळून उपयोग नाही. भांडण जिंकता येतं ते वेगळ्या जागांवर. दरपत्रकात नसलेला चार्ज, दोनदा लावलेला चार्ज, ड्युटीवरचा जीएसटी. आणि सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे ऑर्डर देतानाच विक्रेत्यानं ड्युटीसकट पैसे घेतलेले असतात आणि तरी दारात परत मागतात. माझ्या बिलातलं ४०० रुपयांचं हँडलिंग त्यांच्याच दरपत्रकात कुठं सापडलं नाही.

याची दाद कस्टमकडं नसते. आधी कुरियरला लेखी मेल, आकडेमोडीसकट. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तेवढ्यानंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तो सोलापुरातच. कंपनीचं मुख्य ऑफिस कुठंही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. फक्त धंद्यासाठी माल मागवला असेल तर 'तुम्ही ग्राहकच नाही' हा बचाव समोरून येतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यानं त्यातून सूट दिली आहे, पण वीस लूम (यंत्रमाग) चालवणाऱ्याला ती मिळवणं अवघड.

लूमवरून आठवलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदारानं लूमचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवला, आणि घाईत स्वतःच्या नावावर, घरच्या पत्त्यावर. कुरियरनं तो वैयक्तिक वापराचा माल म्हणून कस्टमच्या दरयादीतल्या ९८०४ या शीर्षकाखाली सोडवला. वैयक्तिक आयातीला तिथं सरसकट एकच दर असतो, यंत्राच्या सुट्या भागाचा दर लागत नाही. वर बिल ऑफ एंट्रीत जीएसटी नंबर नाही, म्हणून भरलेल्या आयजीएसटीचं इनपुट क्रेडिटही (धंद्याच्या जीएसटीतून मिळणारी वजावट) बुडालं. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "अण्णा, कुरियरवर केस टाकू." कुरियरनं जसं सांगितलं तसं भरलं होतं. केस कुणावर टाकणार? घरच्या पत्त्यावर?

आता दुसरी बाजू. ड्युटीच जास्त लागली असेल तर. किंमत चुकीची धरली, मालाचं वर्गीकरण चुकलं, नग दोनदा मोजले. इथं गुंता असा की बिल ऑफ एंट्री भरतो कुरियर, म्हणजे चूक बहुतेकदा त्याच्या टायपिंगची असते, पण पैसे गेलेले असतात सरकारकडं. कुरियरला परत द्यायला त्याच्या खिशात ते नसतातच. त्यामुळं ही चूक पैसे भरायच्या आधी पकडली तर सोन्याहून पिवळं. केवायसीचा मेल आला की त्याच मेलला उत्तर म्हणून विक्रेत्याचं बिल, पैसे दिल्याचा पुरावा आणि माल नेमका काय आहे याची दोन ओळींत माहिती पाठवा. सोलापुरात निम्मे लोक तो मेल स्पॅम समजून उडवतात आणि मग पार्सल अडकलं म्हणून ओरडतात. (खोटे फोन येतात, हेही खरं. पण कस्टम कधी फोनवरून कुणाच्या खात्यावर यूपीआय करायला सांगत नाही. कस्टमच्या अधिकृत पत्रावर डीआयएन (त्या पत्राचा ओळख क्रमांक) असतो, तो तपासता येतो.)

भरून झाल्यावर रस्ता लांब आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम २७ परताव्याचं, मुदत भरल्यापासून एक वर्ष. लोक इथंच थेट अर्ज टाकतात आणि अर्ज फेटाळला जातो. कारण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं आयटीसी कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की मूळ आकारणी बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही, आकारणी तुमची स्वतःची असली तरी. म्हणजे आधी कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती, किंवा कलम १२८ खाली आयुक्त (अपील) यांच्याकडं अपील. अपिलाला ६० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ३०. वर्षभर आहे म्हणून निवांत बसलेला माणूस तिसऱ्या महिन्यातच अपिलातून बाद होतो. निषेध नोंदवून भरलेल्या ड्युटीला परताव्याची वर्षाची मुदत लागत नाही, पण तो निषेध कस्टमकडं पोचलेला लागतो. डिलिव्हरी बॉयच्या कागदावर 'अंडर प्रोटेस्ट' लिहून फोटो काढणाऱ्यांनी तो फोटो स्टेटसला ठेवावा, त्याचा तेवढाच उपयोग. आणि १०० रुपयांच्या आतला परतावा मिळतच नाही.

माझ्या आयपीसच्या ड्युटीतही एक चूक होती. विमानानं आलेल्या मालाला वाहतूक खर्च किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही, २००७ च्या मूल्यांकन नियमांतली मर्यादा आहे ती. आठ हजारांवर १,६०० धरायला हवे होते, कुरियरनं पूर्ण २,५०० दाखवले. विमा ९० रुपये धरून, त्या बिलातल्या १० टक्के मूळ शुल्क आणि १८ टक्के आयजीएसटीनं हिशेब केला तर ड्युटी ३,००२ व्हायला हवी होती. २७९ रुपये जास्त गेले. ही मर्यादा फार कमी लोकांना माहीत आहे, आणि माल महागाचा असून पाठवणावळ त्याच्या निम्मी असली की तिथं फरक शेकड्यात नाही, हजारांत जातो.

कुरियरला मी तीन मेल केले, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये १९१५ ला फोन. तीन आठवड्यांनी क्रेडिट नोट (जास्त घेतलेले पैसे परत दिल्याचा कागद) आली. ड्युटीवरच्या जीएसटीचे ५९०.५८, हँडलिंगचे ४०० आणि त्यावरचे ७२. बिल ऑफ एंट्रीतल्या वाहतूक खर्चाच्या दुरुस्तीच्या मागणीवर त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं, मालाचं क्लिअरन्स झालेलं आहे, आता काही करता येणार नाही. अपिलाचा सी.ए.-१ नमुना मी काढून अर्धा भरला होता. मग मुंबईच्या दोन खेपांचं सिद्धेश्वर एक्सप्रेसचं भाडं डोळ्यांपुढं आलं, आणि तो नमुना अजून ड्रॉवरमध्ये आहे. कुणाचे २७९ च्या जागी २७,९०० गेले असतील तर येऊन घेऊन जा. साठ दिवसांच्या आत या मात्र.