खऱ्या गाडीचा रंग, छोट्या गाडीचं नुकसान

मॉडेल कार करणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: शोरूममधला टच-अप स्प्रे आणून मारा, रंग कंपनीचाच, म्हणजे मॉडेल हुबेहूब. तसं होत नाही.

गाडी 1:24, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढी, झाली तरी रंग 1:24 होत नाही. मेटॅलिक रंगातला ॲल्युमिनियमचा कण साधारण 20 मायक्रॉनचा धरा. खऱ्या गाडीच्या मापात तो जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा ठरतो. म्हणून बॉनेटवर चमकी सांडल्यासारखी दिसते. रंगाचा थर 0.1 मिलिमीटर झाला, तर तो खऱ्या गाडीवर 2.4 मिलिमीटरचा लेप दिल्यासारखा. दाराची फट बुजते, बॉनेटवरचा लोगो गुळगुळीत होतो.

आणि थिनर! त्यातले तेज द्रावक पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिक, विरघळवतात. माझ्या पहिल्या मॉडेलच्या टपावर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या.

साधा, बिनचमकीचा रंग असेल तर चालतो. पण आधी प्रायमर, मग अगदी विरळ हात, आणि सगळ्यात आधी उरलेल्या स्प्रूवर (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) चाचणी. मेटॅलिकसाठी मात्र बारीक कणांचा, मॉडेलसाठीच बनवलेला रंग घ्या. महाग पडतो, हे खरंय.