‘इकॉलॉजी’ म्हणजे पर्यावरण नव्हे: एका शब्दाची पार्श्वभूमी

पश्चिम घाटातील खाणी किंवा गिरिस्थानांवरील बांधकामे यांचा वाद निघाला की ‘इकॉलॉजी’ हा शब्द येतोच आणि मराठीत तो बहुधा ‘पर्यावरण’ होऊन उतरतो. पर्यावरण म्हणजे सजीवांच्या भोवती जे आहे ते, तर इकॉलॉजी म्हणजे सजीवांचे एकमेकांशी आणि त्या भोवतालाशी असलेल्या संबंधांचे शास्त्र. हा भेद शब्दाच्या जन्मापासूनचा आहे.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये हा शब्द घडवला. त्याच्या मुळाशी असलेला ‘ओइकोस’ हा ग्रीक शब्द घर या अर्थाचा असून ‘इकॉनॉमी’ही त्याच मुळातून आली आहे. त्याआधी, १७४९ मध्ये, स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याच्या नावावरील एका प्रबंधाने निसर्गाच्या ‘अर्थव्यवस्थे’ची कल्पना मांडली होती, आणि डार्विनने प्रभावित झालेल्या हेकेल यांनी त्याच कल्पनेला शास्त्राचे नाव दिले. मराठीत सांगायचे तर हा निसर्गाचा संसार आहे: कोण कोणावर जगतो, कोणाचे काय कोणाच्या उपयोगी पडते, याचा हिशेब.

विसाव्या शतकाच्या आरंभी काही वनस्पतिशास्त्रज्ञ अरण्याला जणू एकच महाकाय सजीव मानू लागले. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांना ते मान्य नव्हते. माती, हवामान आणि सजीव यांचा एकत्र विचार व्हावा म्हणून त्यांनी १९३५ मध्ये ‘इकोसिस्टिम’, म्हणजे परिसंस्था, ही संज्ञा छापील लेखात प्रथम वापरली. पुढे अमेरिकेतील रेमंड लिंडेमन यांनी मिनेसोटातील एका लहान तळ्याचा अभ्यास करून ऊर्जा वनस्पतींकडून प्राण्यांकडे कशी जाते हे मांडले. आधी नाकारला गेलेला तो निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वयाच्या सव्विसाव्या वर्षी निधन पावलेले लिंडेमन तो पाहायला हयात नव्हते.

दरम्यान शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी शहरातील वस्त्यांच्या अभ्यासाला ‘मानवी इकॉलॉजी’ म्हटले होते. १९६० च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक अन्नसाखळीतून पक्ष्यांपर्यंत पोहोचते हे लोकांना उमगले आणि या शास्त्राचे नाव चळवळीचेही झाले. १९७३ मध्ये नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी ‘डीप इकॉलॉजी’, म्हणजे निसर्गाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मूल्य आहे हा विचार, मांडून या शब्दाला नैतिक भूमिकेचा अर्थ दिला.

मराठीत परिस्थितिविज्ञान, पारिस्थितिकी, परिसरविज्ञान असे प्रतिशब्द आहेत, पण ते पाठ्यपुस्तकांबाहेर फारसे रुळले नाहीत. डहाणू (१९९१), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) या क्षेत्रांना केंद्र सरकारने इकॉलॉजीच्या आधारे संरक्षण दिले, आणि माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीच्या २०११ च्या अहवालाचा पायाही तोच होता. तरी ही क्षेत्रे ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील’ म्हणूनच ओळखली जातात. त्यामुळे चर्चा धूर, कचरा आणि सांडपाणी यांच्यापाशी थांबते, ही मला खरी हानी वाटते. महाबळेश्वरच्या उतारांवर कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, मधमाश्या त्या बहरावर तुटून पडतात, मग झुडपे मरतात आणि त्यांच्या बियांतून नवी पिढी उगवते. तो उतार खणला तर हवा स्वच्छच राहील, पण हा क्रम तुटेल.