जीपच्या स्टेअरिंगमधला हरवलेला अर्धा मिलिमीटर

आमच्या जुन्या जीपचं स्टेअरिंग तीन बोटं फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलत नसत. स्टेअरिंग बॉक्सच्या झाकणावर लॉकनट लावलेला एक स्क्रू असतो, तो आवळला की प्ले, म्हणजे स्टेअरिंगची रिकामी हालचाल, कमी होतो, एवढं ज्ञान मला होतं. आवळला. गावात गाडी नव्यासारखी वाटली. धारूरच्या घाटात वळण संपलं, हात सैल सोडले, तर स्टेअरिंग जागचं हलेना. ओढून सरळ करावं लागलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या वस्तादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी!”

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बॉक्समध्ये एक वर्म, म्हणजे जाड आट्यांचा दांडा असतो आणि त्याच्या आट्यांत बसणारा दुसरा भाग असतो. आपण बहुतेक वेळ गाडी सरळ चालवतो, त्यामुळे मधल्या आट्या झिजतात आणि टोकाच्या जवळपास कोऱ्या राहतात. मधली झीज स्क्रूने भरून काढली की कोऱ्या भागात दोन्ही धातू एकमेकांना आवळून धरतात. वळणानंतर चाकं आपोआप सरळ होतात ती किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या, तिरकेपणामुळे. पण बॉक्सच जाम झाल्यावर तो जोर कुठून पुरणार?

शिवाय आमच्या गाडीचा दोष मुळात बॉक्समध्ये नव्हताच. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, बेलक्रँक, टायरॉड अशी दांड्यांची साखळी असते आणि तिच्या प्रत्येक सांध्याची ढिलाई पुढच्या सांध्याच्या ढिलाईत मिळत जाते. समजा सहा सांधे प्रत्येकी अर्धाच मिलिमीटर सैल आहेत. एकूण झाले तीन मिलिमीटर. पंधरा सेंटिमीटरच्या आर्मच्या टोकाला तीन मिलिमीटर म्हणजे साधारण 1.15 अंश. बॉक्सचं प्रमाण 14 ला 1 धरलं, म्हणजे स्टेअरिंग 14 अंश फिरलं की आर्म एक अंश वळतो, तर स्टेअरिंगवर सुमारे 16 अंश. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर ते साडेपाच सेंटिमीटर भरतात. हीच माझी तीन बोटं! एकेक सांधा हाताने हलवून पाहिला असता तर ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिला असता.

एक अंश किरकोळ वाटतो. आखूड जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन मीटर. एखाद्या खड्ड्याने पुढची चाकं त्या एका अंशाने वळवली आणि आपण काहीच केलं नाही, तर ताशी 60 किलोमीटरला जीप सेकंदाभरात जवळपास सव्वा मीटर बाजूला जाते. ताशी 30 ला हेच अंतर तीस सेंटिमीटर, कारण वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं. शेतरस्त्यावर चालून जाणारी ढिलाई उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना का भोवते, ते यावरून कळावं.

मराठवाड्यात सांध्यांचे हाल जरा जास्तच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ताही लाटांसारखा वरखाली होतो. चिखल टायरॉडला लपेटून वाळतो. बॉल जॉइंटचं, म्हणजे दांड्या जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्याचं, रबरी टोपण एकदा फाटलं की आतल्या ग्रीसमध्ये मुरमाची कच मिसळते आणि ज्याने झीज थांबवायची तेच वंगण पॉलिश पेपरचं काम करू लागतं. गाड्यांच्या 1989 च्या केंद्रीय नियमांतल्या 98 व्या नियमात स्टेअरिंगचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा असं आहेच, पण बॉल जॉइंटला रबरी टोपण असावं हेही त्यातच लिहिलेलं आहे.

वस्तादांनी कुठलंही यंत्र लावलं नाही. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. पोऱ्याला स्टेअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं, स्वतः खाली सरकले आणि एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. एका बाजूची दांडी हलते, दुसरी थबकून मग हलते, तिथे चोर. आमचा मोठा चोर बेलक्रँकच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या नळीत, निघाला, दोन छोटे बॉल जॉइंटमध्ये. बॉक्सचे चेसिसवरचे बोल्टही तपासले. ते ढिले असतील तर अख्खा बॉक्सच डुलतो. मग चाक जॅकवर उचलून, खाली आधाराची घोडी लावून, वरून-खालून धरून हलवलं. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर चाकाचं बेअरिंग, नाही थांबली तर किंगपिन. मला ही युक्ती सगळ्यात आवडली: ब्रेक चाकाला त्याच्या मागच्या भागाशी बांधून टाकतो, त्यामुळे उरलेली ढिलाई पलीकडचीच असणार.

बुश आणि जॉइंट बदलले, नव्या स्प्लिट पिना घातल्या, चाकांचं टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा किंचित आतला कल, पुन्हा लावून घेतलं. स्क्रू अगदी शेवटी, स्टेअरिंग बरोबर मध्यावर ठेवून. मी आवळलेला त्यांनी आधी सैल केला आणि मग जेमतेम पाव फेरा दिला. अजून एक बोट प्ले उरला होता. “हाही काढा की,” मी म्हटलं. त्यांनी लॉकनट आवळला, पाना पुसून खोक्यात टाकला. “ग्रीसला बसायला जागा नको का?”