जंगलात बायोलॉजी शिकवायची, पण 'राखीव' म्हणजे कुणासाठी राखीव? थोडी पार्श्वभूमी

मुंबईकडच्या शाळांची जंगलसहल म्हणजे कर्नाळ्याचं अभयारण्य नाहीतर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. पण तिथे नेऊन नववी-दहावीच्या पोरांना खरंच बायोलॉजी शिकवायची म्हटलं की पहिली अडचण शब्दांचीच. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, राखीव जंगल हे आपण सगळं एकच समजतो आणि मग परवानगीच्या अर्जात घोळ होतो.

यातला 'राखीव' सगळ्यात जुना. इंग्रजांच्या १८७८ च्या वनकायद्यात तो होता, पुढे १९२७ च्या कायद्यात आला आणि तो कायदा आजही चालू आहे. ते जंगल राखलं मुख्यतः लाकडासाठी, रेल्वेचे स्लीपर वगैरे, बिबट्याबिबट्याचा तिथे विचारच नव्हता. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांचे आजचे नियम आले १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. गंमत म्हणजे 'उद्यान' ऐकायला सगळ्यात मवाळ, पोरं बॅट-बॉल घेऊन येतात, पण कायद्यात तेच जास्त कडक, कारण अभयारण्यात गुरं चारायला परवानगीने तरी वाव आहे, राष्ट्रीय उद्यानात तेवढाही नाही. त्यात २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव असे आणखी दोन प्रकार वाढवले. शाळेच्या क्लार्कने अर्जावर काय लिहायचं सांगा!

आता खरा वाद. जुन्या सरांची बायोलॉजी म्हणजे गोळा करणं. हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेली रोपं-पानं चिकटवलेली वही, टाचणीने टोचलेली फुलपाखरं, फॉर्मॅलिनच्या बरणीतला बेडूक. १९७२ च्या कायद्यात अभ्यासासाठी आत जायची परवानगी मिळू शकते हे लिहिलेलं आहे, पण आतलं काही न्यायचं नाही हेही तिथेच लिहिलंय, आणि 'वन्यजीव' शब्दाच्या व्याख्येत झाडंझुडपंही धरलीत. म्हणजे हर्बेरियम बाद. यावर कुरकुर करणारे शिक्षक अजून भेटतात, हाताळल्याशिवाय पोरांना कळत नाही म्हणतात, आणि ते अगदीच चूक नाहीये. पण साठ पोरांनी एकेक रोपटं उपटलं तर वाटेच्या कडेला उरणार काय? बंदी बरोबरच आहे असं माझं मत. फक्त गळलेलं पान उचललं म्हणून गार्डने पोरीवर खेकसावं हे काही पटत नाही. मला तर वाटतं बंदीमुळे शिकवणं सुधारलं, आता दोरीने एक मीटरचा चौकोन आखायचा, आतली झाडं मोजायची, वहीत लिहायची आणि सगळं जागच्या जागी सोडून परत यायचं. परिसंस्थेच्या धड्यासाठी तेच जास्त कामाचं.

मग १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण विषय सक्तीचा करायला सांगितलं, २००३ मध्ये परत बजावलं, अभ्यासक्रम तयार झाला. पण आदेश विषय शिकवायचा होता, पोरांना जंगलात न्यायचा नव्हता, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी प्रकरण स्टेशनरीच्या दुकानातल्या चार्टवर मिटलं.

त्यापेक्षा १९९४ मध्ये माहीम-धारावीच्या मधे, मिठीच्या काठाला लोकांसाठी उघडलेलं निसर्ग उद्यान मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साधारण ३७ एकर, आणि खाली जुनं डम्पिंग ग्राउंड! ते अभयारण्य नाही, जंगल माणसांनी लावलेलं, पण कचऱ्यावर झाडं कशी उभी राहतात, मग पाखरं आणि फुलपाखरं कशी येतात हे दाखवायला याहून सोयीची जागा शहरात नाही.

वेळापत्रकाचं रडगाणं मात्र जुनंच आहे. सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा सह्याद्री वाळत आलेला असतो, आणि बघण्यासारखं सगळं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमकं सहामाहीच्या तोंडावर. बोरिवलीच्या जंगलात कारवी, म्हणजे आठ वर्षांतून एकदाच फुलणारं झुडूप, २०१६ मध्ये फुलली, त्यानंतर थेट २०२४ मध्ये. २०१६ ला आठवीत असताना सहामाहीपायी जिची हुकली, ती पोरगी पुढच्या फुलोऱ्याला ग्रॅज्युएट होऊन बसली होती.