मुंबईत नोकरीसाठी येताय? टेम्पो बुक करायच्या आधी हे वाचा

नमस्कार. घरसामान हलवायचं आमचं छोटं काम आहे, दोन टेम्पो, सहा माणसं, ऑफिस लालबागला. सांगली, सातारा, नगर, नाशिककडून मुंबईत येणाऱ्यांचं सामान आम्ही आणतो. हे पत्रक आम्ही बुकिंगच्या आधीच हातात देतो, कारण काही जणांचं सामान आम्हालाच परत न्यावं लागलंय आणि ती फेरी मारताना जीव तुटतो.

विट्याचं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि पहिलीतली मुलगी. डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर सामान चढवलं, लिफ्ट नव्हती. पाच महिन्यांनी तेच सामान त्याच जिन्यावरून खाली. कपाटाच्या दारावर आमची चिकटपट्टी तशीच होती आणि दोन खोके तर उघडलेच नव्हते, वर आमच्याच पोराच्या अक्षरात 'किचन, काच' लिहिलेलं. दादांची नोकरी खोटी नव्हती, पगारही वेळेवर होत होता, पण ऑर्डर बंद झाली आणि कंपनीने नवीन माणसं आधी कमी केली. त्यांच्या कामाच्या ज्या दुसऱ्या जागा निघाल्या त्या सगळ्या वसईला. नकाशात वसई जवळ दिसते, पण डोंबिवलीजवळच्या दिव्याहून वसईला जाणाऱ्या गाड्या दिवसाला मोजक्याच, आणि दादरवरून फिरून जायचं म्हणजे अर्धा दिवस लोकलमध्येच. घर बदलावं तर डिपॉझिट अडकलेलं, मुलीची शाळा वर्षाच्या मध्यावर. शेवटी गावी परत.

म्हणून आमचं एकच सांगणं असतं, हातात आलेली एक नोकरी बघून घर हलवू नका, ती उद्या गेली तर त्याच रेल्वे लाईनवर तुमच्या कामाच्या अजून किती जागा आहेत ते बघा. मुंबईत नोकऱ्या भरपूर आहेत हे खरं, पण त्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत, प्रत्येक कामाचा आपापला पट्टा आहे.

तुमचं काम कुठल्या पट्ट्यात आहे

बँक, विमा, शेअर बाजार, अकाउंट्स असेल तर फोर्ट, लोअर परळ आणि बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स). रिझर्व्ह बँक फोर्टला आहे, शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबी आणि एनएसई हा शेअर बाजार बीकेसीला, त्यामुळे हे काम त्यांच्या आसपासच जास्त. आयटीवाल्यांना ऐरोली, पवई, मालाडचं माइंडस्पेस, अंधेरीचं सीप्झ (एक्स्पोर्ट कंपन्यांची वसाहत), ठाण्याची वागळे इस्टेट. सीप्झला दागिन्यांच्या एक्स्पोर्टचं कामही मोठं आहे, आणि हिऱ्याचा बाजार बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये. एडिटिंग, साउंड, सेटचं काम अंधेरी ते गोरेगाव. गोडाऊन आणि डिस्पॅच म्हटलं की भिवंडी. कस्टम क्लिअरिंग, कंटेनर, शिपिंगसाठी न्हावा-शेवा, आणि विमानाच्या कार्गोसाठी सहार. केमिकलवाल्यांना तळोजा, अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर.

फॅक्टरी लाईनची माणसं आली की आम्ही जरा थांबवतोच. गिरण्यांची मुंबई १९८२च्या संपानंतर राहिली नाही, त्या जागांवर आज टॉवर आणि मॉल आहेत, आणि गाड्यांच्या पार्ट्सचं, प्रॉडक्शनचं काम तुम्हाला पुण्याजवळ चाकणला जास्त सापडेल. सामान तिकडे न्यायचं असेल तर तिकडे नेऊ, पण आधी बघा.

बघायचं कसं? दोन आठवडे रोज रात्री जॉबच्या साईटवर तुमच्या कामाचं नाव टाका आणि वहीत लिहून ठेवा, कंपनी कोण, जागा कुठे, जाहिरात किती दिवसांची. एकच जागा पाच कन्सल्टन्सीवाले टाकतात, ती एकच धरा. जाहिरातीत 'मुंबई' लिहिलेलं असतं आणि ऑफिस निघतं पनवेलला नाहीतर भिवंडीला, म्हणून फोन करून स्टेशन विचारा. आणि ऑफर कंपनीच्या पेरोलवर आहे की कॉन्ट्रॅक्टरच्या, हे स्पष्ट विचारा, लाजू नका. नोकरीसाठी आधी पैसे भरा म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, रजिस्ट्रेशन म्हणून नाही, युनिफॉर्म म्हणून नाही आणि लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणूनही नाही. गावातलं कोणी त्या लाईनमध्ये असेल तर त्याला एवढंच विचारा की तुमच्याकडे शेवटचा नवीन माणूस कधी घेतला, आणि शेवटचा कमी कधी केला. त्याच्या उत्तरातून जाहिरातींपेक्षा जास्त कळतं.

हातात किती येणार

पॅकेज ४ लाख ८० हजार म्हणजे महिना ४० हजार असं धरून लोक भाडं ठरवतात आणि पहिल्याच महिन्यात घाबरतात. समजा बेसिक २० हजार आहे आणि पॅकेजचा दहा टक्के भाग व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा. महिन्याचे ४ हजार व्हेरिएबलचे बाजूला ठेवा, ते वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. कंपनीचा पीएफ २४०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ९६२ हेही बहुतेक वेळा पॅकेजमध्येच धरलेले असतात. मग तुमचा स्वतःचा पीएफ २४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). राहिले ३० हजार. भाडं, पास, शाळा, गावी पाठवायचे पैसे, सगळं या ३० मधून, ४० मधून नाही.

भाड्याच्या घराचा करार बहुतेक ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स असतो, आणि महाराष्ट्रात तो रजिस्टर करावाच लागतो. साध्या कागदावर सही करून चावी घेऊ नका, उद्या डिपॉझिट मागताना रजिस्टर केलेला करारच कामाला येतो. डिपॉझिट आणि ब्रोकरेज एकदम द्यावं लागतं, तेव्हा ते पैसे नोकरी गेली तर म्हणून बाजूला ठेवलेल्या तीन महिन्यांच्या खर्चातून काढू नका.

एक आठवडा राहून बघा

घर बघायला लोक रविवारी दुपारी येतात, तेव्हा लोकलमध्ये बसायला जागा मिळते आणि वाटतं जमेल. त्याच रस्त्याने सोमवारी सकाळी साडेआठला जा आणि संध्याकाळी साडेसहाला परत या, घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत वेळ मोजा, रिक्षाची लाईन आणि स्टेशनचा पूल धरून. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर आहे. कल्याण-डोंबिवलीहून ऐरोलीला जाणाऱ्याला ठाण्याला गाडी बदलली की झालं, पण वसईहून ऐरोलीला रोज जायचं तर हाल आहेत. पावसात ट्रॅकवर पाणी भरलं की काय करायचं तेही ऑफिसला आधी विचारून ठेवा, घरून काम चालतं का रजा पडते.

ताई नोकरी करत असतील तर त्यांच्या कामाचा पट्टाही याच वहीत लिहा. दोघांच्या मध्ये पडेल असं स्टेशन शोधा, एकाचीच सोय बघून घर घेतलं तर दुसऱ्याची नोकरी बहुतेक सुटतेच.

सगळं बघून यायचंच ठरलं तर आमचा सल्ला असा, आधी एकट्याने बॅग घेऊन या, खोली शेअर करा, प्रोबेशन पूर्ण करा, मग घर हलवा. आम्ही सामान दोन फेऱ्यांतही आणतो, पहिल्या फेरीत गादी, गॅस, दोन भांडी आणि पंखा, तेवढं दुसऱ्या कोणाच्या सामानाबरोबर येतं म्हणून स्वस्त पडतं. कपाट आणि फ्रिज नंतर.

फोन करताना मजला, लिफ्ट आहे का, सोसायटीत सामान चढवायची वेळ काय आणि सोसायटीची एनओसी (लेखी परवानगी) लागते का हे विचारून ठेवा. महिन्याची शेवटची आणि पहिली तारीख सोडून बघा, तेव्हा गाडी मिळत नाही. आणि ऑफिसचं स्टेशन कुठलं, घराचं कुठलं, हे दोन्ही सांगा, रेट आम्ही त्यानंतरच बोलू.