खाजणातली मानस आणि मनातला मानस

गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठची खाजण शेती, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन, ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना बांधातली मानस, म्हणजे पाणी अडवणारे-सोडणारे दार, ठाऊक असते. भरती चढू लागली की खाऱ्या पाण्याच्या दाबानेच तिची लाकडी दारे मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात. दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीशी झुंजायला कोणी बांधावर उभे राहत नाही. मराठीत मानस म्हणजे मनातला बेतही. हा योगायोग असेल, पण ध्येयाची ओढ कशी टिकते हे सांगायला मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही.

ज्याची इच्छाशक्ती दांडगी तो मोहाशी लढतो आणि जिंकतो, असा आपला समज असतो. मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतील २०५ प्रौढांना दिवसभरात वेळोवेळी इशारा देऊन, त्या क्षणी कोणती इच्छा मनात आहे आणि ती आवरावी लागते आहे का, हे विचारले. ज्यांचा आत्मसंयम मुळात जास्त होता, त्यांना मोह आवरण्याचे प्रसंगच कमी येत असल्याचे त्यात दिसले. संयमी माणूस बहुधा लढाईची वेळच येऊ देत नाही. प्रौढपणाची माझ्या मते हीच खरी खूण आहे, वय नव्हे.

उत्साहाची चढउतारही या माणसाला अनपेक्षित नसते. भूलभुलैयातले उंदीर खाऊ जवळ येताच वेग वाढवतात, हे मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ साली मांडले होते. माणसांवरच्या पुढच्या प्रयोगांत असे आढळले की ओढ सुरुवातीला आणि शेवटी अधिक असते, मध्ये ती खचते. आरंभापासून आपण किती दूर आलो, याचे अप्रूप ओसरलेले असते आणि शेवट अजून दिसत नसतो. जानेवारीत मिरामारच्या किनाऱ्यावर मोठ्या हौसेने फिरायला लागलेला माणूस मार्चमध्ये दिसेनासा होतो, तेव्हा त्याला आळशी ठरवण्याची घाई करू नये. तो बहुधा या मधल्या पट्ट्यात अडकलेला असतो.

या पट्ट्यासाठीच मानशीसारखी सोय लागते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी तिला दिलेले रूप अगदी साधे आहे: अमुक घडले, तर मी तमुक करीन. नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवण्याचे काम विद्यार्थ्यांना दिले असता, तो कधी आणि कोठे बसून लिहायचा हे ज्यांनी आधीच ठरवले होते, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला; इतरांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास होते. उद्दिष्ट सर्वांचे सारखेच होते. पुढे २००६ साली अशा ९४ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यातही या युक्तीचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. निर्णय आधीच झालेला असल्याने प्रसंग समोर येताच कृती जवळजवळ आपोआप सुरू होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

तेच वारंवार घडले की सवय जडते. २१ दिवसांत सवय लागते, हे सर्वत्र ऐकू येणारे वाक्य मात्र विसरलेले बरे. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय जडायला लागलेल्या काळाचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा आला आणि व्यक्तीव्यक्तींमधला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. (अभ्यास १२ आठवड्यांचाच होता, त्यामुळे २५४ हा आकडा गणिताने पुढे नेलेला अंदाज आहे.) एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा खंड पडत नाही, हे त्यातले निरीक्षण मला या आकड्यांहून मोलाचे वाटते, कारण अनेकजण एका खाड्यानंतरच सारे सोडून देतात.

मानशीच्या फळ्या कुजतात, तिच्या तोंडाशी गाळ साचतो, म्हणून तिची डागडुजी करावी लागते. बेताचेही तसेच आहे. 'सकाळी सहा वाजले, तर मी किनाऱ्यावर जाईन' हे वाक्य मे महिन्यापर्यंत चालेल. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की 'सहा वाजता पाऊस असेल, तर मी घरच्या बाल्कनीतच अर्धा तास चालेन' हे दुसरे वाक्य त्याला जोडावे लागते, आणि ते मेमध्येच लिहून ठेवलेले बरे.